बिनचावीची मोटार आणि आपली लेकरं



एकेकाळी आपल्या बीड जिल्ह्यातला सभासद कारखान्यावर यायचा तो बैलगाडीने. गाडीला कुलूपच नव्हतं, तेव्हा चावी हरवायचाही प्रश्न नव्हता. आज ऊसबिलाच्या दिवशी कार्यालयासमोर पाहावं तर लिंबाखाली मोटारींची दाटी. ही सुबत्ता सभासदांच्या घामातून आली, याचा आम्हाला आनंदच आहे. पण पंपाच्या स्टार्टरची खडान्‌खडा माहिती असणारे आपण, नव्या मोटारीचं कुलूप कसं चालतं हे मात्र विचारून घेत नाही. त्याबद्दल हे चार शब्द.

आमच्यावर बेतलेला प्रसंग

मे महिन्यातली गोष्ट. अंबाजोगाईला लग्नाला गेलो होतो. मंगल कार्यालयासमोर मोटार उभी केली, इंजिन बंद केलं. तीन वर्षांचा नातू मागच्या सीटवर, आणि रिमोट त्याच्या हातात. खेळायला आम्हीच दिलेला. आहेराची पिशवी घेऊन उतरलो, दारं लावली आणि ‘टक्‌’ असा आवाज झाला. चारही दारं बंद! पोरगं आत, चावी आत, मोबाईलही आत. दुसरी चावी गावाकडे कपाटात.

‘बाळा, दुसरं बटण दाब,’ म्हणून आम्ही काचेवर हात आपटत होतो. आधी त्याला गंमत वाटली, हसलं. मग घामाने निथळलं आणि रडू लागलं. कुणी तार वाकवून आणली, कुणी म्हणालं मेकॅनिकला बोलवा. नव्या मोटारीची काच फोडायला आमचाच हात होईना, हे कबूल करतो. शेवटी एक ट्रॅक्टरवाला पुढे आला. ‘मामा, काच मोठी का लेकरू मोठं?’ एवढंच बोलला आणि लेकराच्या लांबच्या बाजूची काच टॉमीने कोपऱ्यात ठोकून फोडली. नातू सुखरूप निघाला. काचेचे पैसे गेले, त्याचं काही नाही. पण आम्ही जी दहा मिनिटं विचारात घालवली, ती आठवली की आजही झोप उडते.

उन्हातली मोटार म्हणजे भट्टी

उन्हात उभ्या मोटारी किती तापतात याची अमेरिकेत केलेली मोजणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तासाभरात आतला पारा सरासरी २२ अंशांनी चढला आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच जराशी खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४० अंशांच्या वर तापतं. लहान लेकराचं अंग तर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं. २०२३ च्या जूनमध्ये नागपुरात तीन आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये मुंबईत अँटॉप हिलला दोन मुलं, खेळता खेळता उभ्या मोटारीत शिरली आणि आतच दगावली. तेव्हा वाड्यासमोर पडून असलेली जुनी गाडीसुद्धा कुलूपबंद ठेवावी.

कुलूप चालतं कसं?

बिनचावीच्या मोटारीत गाडी आणि रिमोट रेडिओच्या लहरींनी एकमेकांशी बोलतात. रिमोट खिशात घेऊन मीटर-दीड मीटरवर आलं की गाडी ओळखते. रिमोटमध्ये बटणासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. तो उतरला की गाडी मालकालाही ओळखत नाही. तेव्हा घाबरू नये. बहुतेक रिमोटच्या पोटात लोखंडी चावी लपवलेली असते आणि ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलपाशी तिचं भोक असतं; काही गाड्यांत त्यावर टोपण असतं. आत बसल्यावर रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून धरला तर पुष्कळ गाड्या चालू होतात. मोटारीची मोठी बॅटरी बसली तरी दार उघडायला हीच चावी कामी येते.

दुसरी खोड आपोआप कुलूप लागण्याची. काही गाड्या थोडा वेग घेतला की दारं लावून घेतात. रिमोटने कुलूप उघडलं आणि अर्ध्या मिनिटात दार उघडलं नाही, तर पुष्कळ गाड्या पुन्हा कुलूप लावतात. मागच्या दाराचा बालकुलपाचा खटका लावलेला असेल, तर ते दार आतून उघडतच नाही.

एवढं करा

रिमोट लेकराच्या हाती खेळायला देऊ नका. खाली उतरताना, दोन मिनिटांसाठी का होईना, आधी रिमोट खिशात आणि लेकरू कडेवर. दुसरी चावी कपाटात पुजून ठेवू नका, सोबतच्या माणसाजवळ द्या. लपलेली चावी घरातल्या बाया-माणसांना आजच काढून दाखवा. सेल अशक्त झाल्याची खूण दिसली की लगेच बदला.

आणि लेकरू आत अडकलंच, तर एकाने ११२ नंबर फिरवावा, दुसऱ्याने काच फोडावी. पुढची मोठी काच फोडू नये, ती चिकट थराची असल्याने लवकर तुटत नाही. लेकरापासून लांबची, बाजूची काच कोपऱ्यात टोकदार वस्तूने ठोकावी.

काच बाजारात मिळते, मंडळी. लेकरू मिळत नाही. ट्रॅक्टरवाल्याने आम्हाला शिकवलेला हा धडा सर्व सभासदांच्या घरी पोचावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.