मशीनने गाडी पॉलिश करणे : हातातलं कसब आणि ग्राहकाची अमानत

दहावी-बारावीनंतर आपली बरीच मुलं गॅरेजच्या लाईनला लागतात. डेंटिंग, पेंटिंग, वायरिंग ही कामं कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत उस्तादाच्या हाताखाली शिकली जातात. या कामांच्या जोडीला आता मशीनने गाडीचा रंग पॉलिश करण्याच्या कामालाही चांगली मागणी आहे. गॅरेजमध्ये त्याला ‘रबिंग-पॉलिश’ म्हणतात, काचेच्या दुकानात ‘डिटेलिंग’. मूळ काम एकच.

बघायला हे काम सोपं वाटतं. मशीन चालू करायचं, बोनेटवर फिरवायचं, चमक आली की झालं. पण चुकीच्या हाताने फिरवलेलं मशीन काही सेकंदांत रंग जाळू शकतं, आणि जळालेला रंग कुठल्याही पॉलिशने परत येत नाही. तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. म्हणून हे काम शिकणाऱ्या मुलांसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि स्वतःची गाडी घरी पॉलिश करू पाहणाऱ्यांसाठी आम्ही ते मुळापासून समजावून सांगत आहोत.

रंगाचे थर किती जाड असतात?

गाडीच्या पत्र्यावर एकच रंग नसतो. आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपल्याला दिसणारी चमक ही या क्लिअर कोटची असते.

कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ.

पॉलिश म्हणजे वरून काहीतरी चढवणं, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. खरं तर पॉलिश हा क्लिअर कोट अगदी बारीक घासून काढतं. ओरखडा म्हणजे या थरातला खड्डा. त्याच्या आजूबाजूची पातळी खाली आणली की खड्डा नाहीसा होतो आणि प्रकाश सरळ परावर्तित होतो. तीच चमक. हलक्या पॉलिशमध्ये एक-दोन मायक्रॉन जातात, जड कंपाउंड मारलं तर त्याहून बरेच जास्त. गाडीला जन्मात एवढाच क्लिअर कोट मिळालेला असतो. दरवर्षी जड रबिंग केलं तर तो विरत जातो, उन्हात पांढरा पडतो आणि पापुद्रे सुटू लागतात.

ओरखडे येतात कुठून?

उन्हात गाडी उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. यातले बहुतेक धुण्या-पुसण्यातून येतात. सोसायटीत रोज सकाळी एका बादलीत आणि एका फडक्यात आठ-दहा गाड्या पुसल्या जातात. फडक्यात अडकलेली धूळ कागदी पॉलिशसारखी रंगावर फिरते. कोरड्या गाडीवरची धूळ झटकणं तर त्याहून वाईट.

म्हणून शिकण्याची सुरुवात धुण्यापासून करावी. दोन बादल्या घ्याव्यात, एकात शाम्पूचं पाणी, दुसऱ्यात साधं. कापड आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. पाइप सोडून ठेवण्यापेक्षा पाणीही कमी लागतं, इस्राफ टळतो.

मशीन कोणतं घ्यावं?

मशीनचे मुख्य प्रकार दोन. रोटरी मशीनमध्ये पॅड एकाच अक्षावर गरगर फिरतं. ते जोरात कापतं, पण उष्णताही झपाट्याने वाढवतं, आणि शिकाऊ हातात रंगावर लाटांसारखे पट्टे उमटवतं. दुसरं ड्युअल अ‍ॅक्शन, ज्याला मुलं ‘डीए’ म्हणतात. त्यात पॅड फिरतं आणि त्याच वेळी हेलकावतही राहतं. त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. शिकायला डीएच घ्यावं. रोटरी उस्तादाच्या देखरेखीत, नंतर.

पॅडचंही असंच. लोकरीचं पॅड सगळ्यात जास्त कापतं, मायक्रोफायबरचंही चांगलंच कापतं, फोममध्ये कडक ते मऊ असे प्रकार मिळतात. कंपाउंड जाड दाण्याचं, फिनिशिंग पॉलिश बारीक दाण्याचं.

कामाचा क्रम

1. गाडी सावलीत आणा आणि पत्रा थंड होऊ द्या. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या बोनेटवर पॉलिश लगेच वाळतं.

2. धुतल्यावर रंगावरून बोटं फिरवा. खरखर लागली तर पाणी मारून क्ले बारने चिकटलेली घाण काढा. ती राहिली तर पॅडखाली येऊन नवे ओरखडे पाडते.

3. रबरी पट्ट्या, काळं प्लास्टिक, लोगो आणि पत्र्याच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाका. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो, म्हणून जळतोही तिथेच आधी.

4. आधी एकाच छोट्या चौकोनावर चाचणी करा. मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने सुरुवात करा. तेवढ्याने ओरखडे गेले तर जड कंपाउंडला हात लावू नका. नाही गेले तरच एक पायरी वर चढा. जे काम हलक्याने होतं ते जडाने करायचं नाही, हा या धंद्याचा पहिला धडा.

5. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पॉलिश घ्या. पॅड रंगाला टेकवूनच मशीन चालू करा, नाहीतर शिंतोडे उडतात. कमी वेगावर पॉलिश पसरवा, मग वेग वाढवा. बहुतेक डीएवर 1 ते 6 आकडे असतात, त्यात 4-5 वर काम होतं.

6. दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या. आधी आडवे, मग उभे पट्टे मारा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. हात हळू चालवा. चार ते सहा फेऱ्यांत एक चौकोन होतो.

7. पॅड सपाट ठेवा. बॅकिंग प्लेटवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा. काम करताना रेघ फिरताना दिसली तर ठीक. थांबली असेल तर दाब जास्त आहे किंवा मशीन तिरकं झालंय.

8. प्रत्येक चौकोनानंतर ब्रशने पॅड साफ करा. एका पॅडवर अख्खी गाडी काढू नका, चार-पाच तरी जवळ ठेवा.

शाळेत आम्ही घर्षण शिकवतो, तेव्हा मुलं तळहात घासून ते गरम झाल्याचं बघतात. इथे तोच नियम. मध्ये मध्ये पत्र्याला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसेल इतकं नको. प्लास्टिकच्या बंपरवर जास्त जपा, कारण पत्र्यासारखी उष्णता त्यातून पसरत नाही.

जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर हाती आली तर आणखी एक गोष्ट तपासा. अशा गाड्यांवर बऱ्याचदा क्लिअर कोटच नसतो. पॅडवर गाडीचाच रंग उतरला तर समजावं की आपण थेट रंग घासतोय.

मोजल्याशिवाय घासू नये

रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळतं. ते सगळ्या थरांची एकत्र जाडी दाखवतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. तरीही फार उपयोगी. सगळीकडे 110-120 आणि एका दरवाजावर 70 आलं, तर तिथे आधीच कोणी बरंच घासलंय. 250-300 आलं तर तो भाग पुन्हा रंगवलेला असण्याची शक्यता मोठी. आकडा हजाराच्या आसपास गेला तर खाली पुट्टी आहे. जुनी गाडी विकत घेतानाही हे यंत्र कामी येतं.

ओरखडा घासून काढायचा की नाही, याची सोपी खूण म्हणजे नख. ओरखड्यावरून नख फिरवा. ते अडकलं तर ओरखडा खोल आहे. तो पूर्ण काढायच्या नादात क्लिअर कोट संपेल. तो थोडा मऊ करून सोडून द्यावा.

चमक खरी की भरलेली?

या धंद्यातला खरा इम्तिहान इथे आहे. बाजारात अशी पॉलिशं मिळतात ज्यात तेल आणि फिलर असतात. ती ओरखडे काढत नाहीत, बुजवतात. गाडी देताना आरशासारखी दिसते. चार-पाच वेळा धुतली की जाळी पुन्हा वर येते. तोवर पैसे खिशात गेलेले असतात.

सहीह मुस्लिममध्ये बाजारातला एक प्रसंग आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा वरून कोरडं दिसणारं धान्य आत ओलं निघालं. पावसाने भिजलं, असं विकणाऱ्याने सांगितलं. मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असं त्यांनी विचारलं आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, हे स्पष्ट केलं. फिलरखाली झाकलेला ओरखडा हे त्याच राशीतलं ओलं धान्य आहे.

फिलर वापरणं सरसकट वाईट नाही. क्लिअर कोट पातळ असेल तर ओरखडे बुजवणंच शहाणपणाचं. पण तसं ग्राहकाला सांगून करावं: “भाईसाहेब, हे काढलेलं नाही, झाकलंय, काही धुण्यांनंतर दिसेल.” आणि जिथे ओरखडे काढल्याचे पैसे घेतोय, तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने पुसून, उजेडाखाली ग्राहकाला दाखवावं. तेल निघून गेल्यावरही जे साफ दिसतं तेच खरं काम. त्यानंतर संरक्षणासाठी वॅक्स किंवा कोटिंग लावावं. सिरॅमिक कोटिंगखाली राहिलेले ओरखडे कोटिंगसकट दिसत राहतात, म्हणून आधी पॉलिश, मग कोटिंग.

पालकांनी काय विचारावं?

मुलाला गॅरेजमध्ये लावताना पगाराबरोबर एवढं विचारा. सरावासाठी भंगारातलं बोनेट मिळेल का? जाडी मोजायचं यंत्र आहे का? डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, हातात मोजे दिले जातात का? मशीनची वायर खांद्यावरून मागे घ्यायची आणि ओल्या फरशीवर मशीन चालवायचं नाही, हे शिकवलं जातं का? सैल बाह्या आणि गळ्यातला रुमाल काम करताना नको, कारण फिरणारं पॅड कापड ओढून घेतं.

भंगारातल्या बोनेटवर दोन-तीन आठवडे रोज सराव केला तर हात बसतो. एकदा तरी मुलाने त्याच बोनेटची कड मुद्दाम जळेपर्यंत घासून बघावी. रंग किती लवकर जातो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ग्राहकाच्या गाडीवर हात आपोआप जपून चालतो. गाडी धुवायला आणि आपल्या ताब्यात सोपवून जाणारा माणूस विश्वासाने जातो. त्याचे मायक्रॉन जपणं ही आपली जबाबदारी.