गणिताचे गुण मोजले जातात कुठे?

दहावीनंतरच्या वाटा : भाग चौथा

गेल्या भागात अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचं वेळापत्रक पाहिलं. त्यानंतर पालक बहुतेक एकच प्रश्न विचारत आहेत. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत दुकान असलेले असोत, भिलारकडे स्ट्रॉबेरी लावणारे असोत, नाहीतर तापोळ्याकडून मुलांना शिकायला वर पाठवणारे असोत, सगळ्यांना हेच हवं आहे : ‘गणितात कमी पडलेत, पुढे कॉलेजला अडचण येईल का?’

थेट उत्तर आधी देतो. महाराष्ट्र बोर्डाच्या मुलाचे दहावीतले गणिताचे गुण पुढे पदवीच्या प्रवेशात जवळजवळ कुठेच मोजले जात नाहीत. असं असूनही त्या गुणांमुळे कित्येक मुलांची वाट बदलते, कारण निकालानंतरच्या चार-सहा आठवड्यांत त्यांच्याकडे बघूनच घरात निर्णय होतो. गणित ठेवायचं की सोडायचं, सायन्स की कॉमर्स, अकरावी की डिप्लोमा. या निर्णयाचं वजन पुढे कितीतरी वर्षं पुरतं.

गुणपत्रिकेपासूनच सुरुवात करू. आपला सातारा, शेजारचा सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे बोर्डाच्या कोल्हापूर विभागात येतात. दहावीचं गणित शंभर गुणांचं असतं. बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, भूमितीचा ४० गुणांचा आणि उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात, पण गणित आणि विज्ञान यांचं उत्तीर्ण होणं एकत्रही धरलं जातं. प्रत्येकात किमान २५ आणि दोन्ही मिळून ७० असले तरी मूल पास. शिवाय २०१० पासून टक्केवारी सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर काढतात. हाच तो ‘बेस्ट फाइव्ह’.

एक उदाहरण मांडून बघा. मराठी ८४, हिंदी ८२, इंग्रजी ७८, विज्ञान ७६, सामाजिक शास्त्रं ८६ आणि गणित ४१. सहा विषयांची बेरीज ६०० पैकी ४४७, म्हणजे ७४.५० टक्के. बेस्ट फाइव्हमध्ये गणित गळून पडतं आणि ५०० पैकी ४०६, म्हणजे ८१.२० टक्के होतात. अकरावीच्या गुणवत्ता यादीत हे मूल ८१.२० वर उभं राहतं. वाई-साताऱ्यात त्याला सायन्स सहज मिळू शकतं आणि घरात पेढे वाटले जातात. त्या ४१ मध्ये अंतर्गतचे १८ असतील, तर लेखी परीक्षेत ८० पैकी २३ मिळाले आहेत, हा हिशेब त्या दिवशी कुणी करत नाही.

बेस्ट फाइव्ह काढून टाकावा, असं माझं म्हणणं नाही. एका विषयामुळे चांगल्या मुलाची सगळी टक्केवारी खाली ओढली जायची, ते या नियमाने थांबवलं. पण टक्केवारीत काय झाकलं गेलं आहे, हे शाळेने पालकांना बसवून सांगायला हवं, आणि ते सांगितलं जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. तुम्हीच शाळेत जा आणि लेखीचे किती, अंतर्गतचे किती, ते विचारा. बोर्डाकडे शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, तीही मागवा. भूमितीच्या सिद्धतांमध्ये गुण गेले असतील तर फार घाबरायचं कारण नाही. बीजगणितात वर्गसमीकरणं आणि साधी आकडेमोड चुकली असेल, तर अकरावीचं गणित पहिल्या महिन्यापासून जड जाईल. एकूण आकड्यापेक्षा ही माहिती जास्त कामाची आहे.

इथून वीसेक किलोमीटरवर पाचगणीत चित्र वेगळं आहे. तिथल्या काही निवासी शाळांत केंब्रिजची परीक्षा असते. ए लेव्हलचं मूल इंग्लंडच्या विद्यापीठात अर्ज करतं, तेव्हा अंतिम परीक्षा झालेलीच नसते. त्याला गणितात कोणती श्रेणी मिळेल, याचा अंदाज शाळेचे शिक्षक कळवतात. त्यावर विद्यापीठ सशर्त प्रवेश देतं आणि ऑगस्टमध्ये निकालात ती श्रेणी आली तरच जागा पक्की होते. केंब्रिज विद्यापीठाला गणितासाठी तेवढंही पुरत नाही, ते ‘स्टेप’ नावाची वेगळी परीक्षा घेतं. म्हणजे तिथे शाळेतली श्रेणी प्रत्यक्ष मोजली जाते. हेच मूल भारतात शिकायचं ठरवेल, तर त्याला भारतीय विद्यापीठ संघाकडून समकक्षता प्रमाणपत्र आणावं लागतं आणि पुढे आपल्या मुलांसारखीच प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

आपल्याकडे शाळेच्या गुणांचं वजन असं कमी कसं झालं? २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात बारावीच्या भौतिक, रसायन, गणिताचे गुण निम्मे आणि जेईई मेनचे गुण निम्मे धरले जात. २०१६ पासून राज्याची एमएचटी-सीईटी परत आली आणि गुणवत्ता यादी सगळी सीईटीवर गेली. तेव्हापासून बारावीचा निकाल फक्त पात्रतेपुरता उरला. भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय असलेच पाहिजेत आणि तिसऱ्या विषयासह तिन्ही मिळून ४५ टक्के हवेत. राखीव प्रवर्गाला ४० पुरतात. गणितात एकट्यात किती, असं इथे कुणी विचारत नाही.

विचारते ती सीईटी. पीसीएम ग्रुपची परीक्षा २०० गुणांची असते. भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न ५० गुणांना, रसायनशास्त्राचे ५० प्रश्न ५० गुणांना, आणि गणिताचे ५० प्रश्न मात्र १०० गुणांना, कारण गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. निम्मी परीक्षा एकट्या गणिताची. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, पण ५० गणितांना ९० मिनिटंच मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. बोर्डाच्या बारावीच्या पेपरात ८० गुणांसाठी तीन तास असतात आणि पायऱ्यांनाही गुण मिळतात. सीईटीच्या पडद्यावर फक्त उत्तर बघितलं जातं. बारावीला गणितात ८५ मिळवलेलं मूल सीईटीत अडखळतं ते यामुळे. त्याला गणित येत नसतं असं नाही, त्या वेगाचा सराव झालेला नसतो.

दुसरी गोष्ट अकरावीची. दहावी झाली, आता एक वर्ष जरा मोकळं सोडू, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. सीईटीत सुमारे २० टक्के भाग अकरावीच्या अभ्यासक्रमाचा असतो. गणितात म्हणजे दहाएक प्रश्न आणि वीस गुण. महाबळेश्वरहून सायन्ससाठी बरीच मुलं वाईला किंवा साताऱ्याला जातात. कुणी पसरणीचा घाट रोज उतरतं-चढतं, कुणी खोली किंवा वसतिगृह बघतं. नवं गाव, मेसचं जेवण, मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजीतली पुस्तकं, यात पहिली सहामाही निघून जाते. तालुक्याच्या दुर्गम भागातल्या, कोयनेच्या पाण्यापलीकडच्या मुलांना तर त्याआधी लाँच आणि एसटीची गाठ घालावी लागते. या मुलांसाठी अकरावीचं वर्ष मोकळं सोडणं फार महाग पडतं. शहरातलं मूल तेच वर्ष क्लासमध्ये भरून काढतं.

सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो, आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के समजून दरवर्षी गोंधळ होतो. परीक्षा अनेक सत्रांत होते. ९० पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रातल्या १०० पैकी ९० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, एवढंच. सोप्या सत्रात त्याला जास्त गुण लागतील, अवघड सत्रात कमी. दशांश चिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत पर्सेंटाइल काढतात, तरीही दोन मुलं बरोबरीत येऊ शकतात. मग आधी गणिताचं पर्सेंटाइल बघतात, नंतर भौतिकशास्त्राचं, नंतर रसायनशास्त्राचं. तरीही बरोबरी सुटली नाही तर बारावीचे गुण, आणि यादीच्या शेवटाकडे दहावीचे, त्यात गणिताचेही. दहावीच्या गणिताचा इंजिनिअरिंगच्या पदवी प्रवेशाशी थेट संबंध येतो तो एवढाच.

आयआयटी आणि एनआयटीचा नियम निराळा आहे. तिथे रँक जेईईवर लागतो, पण बारावीला पाच विषयांत मिळून ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५, किंवा आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं सक्तीचं आहे. ‘बारावीकडे बघू नका, फक्त क्लास करा’ असं सांगून कॉलेजात नुसतं नाव घालायला लावणारे ‘इंटिग्रेटेड’वाले ही अट पालकांच्या लक्षात आणून देतात का, हे फी भरण्याआधी विचारा. बारावीचा लेखी अभ्यास सोडून द्यायला लावणारा सल्ला मला पटत नाही. ज्याला सूत्र कुठून आलं हे लिहून दाखवता येतं, त्याला पर्याय निवडतानाही ते आठवतं.

याला जोडून एक बाब, जी गणिताची नाही पण निर्णयाच्या वेळी हवी. इंजिनिअरिंगच्या अनेक महाविद्यालयांत जागांचा मोठा भाग गृहविद्यापीठाच्या उमेदवारांना असतो, आणि गृहविद्यापीठ ठरतं बारावी कुठून केली त्यावर. साताऱ्यात किंवा कराडला बारावी केली तर शिवाजी विद्यापीठ, पुण्यात केली तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. सांगलीचं वालचंद किंवा कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय मनात असेल, तर मुलाला पुण्याला पाठवण्याआधी गेल्या वर्षीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांचे कट ऑफ गृहविद्यापीठाच्या आणि बाहेरच्या उमेदवारांच्या, अशा दोन्ही रकान्यांत वाचा.

आता गणित सोडण्याबद्दल. अकरावीला गणिताऐवजी फक्त जीवशास्त्र, म्हणजे पीसीबी घेतलं, की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर ही दोन्ही दारं बंद होतात. आर्किटेक्चरला बारावी आणि नाटा ही प्रवेश परीक्षा यांचे गुण निम्मे-निम्मे धरतात, त्यामुळे तिथे बारावीचे गुण खरोखर मोजले जातात. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने इंजिनिअरिंगला बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र नसलं तरी चालेल, अशी मुभा आपल्या पुस्तिकेत दिली होती. त्यावर देशभर गदारोळ झाला. तेव्हाची बातमी अजून फोनवर फिरते आणि त्या भरवशावर गणित सोडलेली मुलं भेटतात. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत गणित सक्तीचंच आहे. उलट बी. फार्म. आणि बी. एस्सी. ॲग्री पीसीएम आणि पीसीबी दोघांनाही खुले आहेत, तेव्हा स्ट्रॉबेरीच्या रानात वाढलेल्या मुलीला शेतीचं शिक्षण घ्यायचं असेल तर गणिताची धास्ती बाळगायची गरज नाही. ज्यांना अजून काहीच ठरवता येत नाही आणि कष्टाची तयारी आहे, त्यांनी गणित आणि जीवशास्त्र दोन्ही, म्हणजे पीसीएमबी ठेवावं, असं माझं मत. भार वाढतो, पण निर्णय दोन वर्षं पुढे ढकलता येतो, आणि पंधरा वर्षांच्या मुलासाठी ती मोठी सवलत आहे.

कॉमर्सवाल्यांनाही गणित सुटत नाही. अकरावीला सेक्रेटरिअल प्रॅक्टिस की गणित, हा पर्याय पुढे येतो आणि बहुतेक जण गणित टाळतात. सी. ए. व्हायचं असेल तर फाउंडेशनला क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूडचा १०० गुणांचा पेपर आहे, प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण ५० टक्के हवेत. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचं तर बारावीला गणित लागतंच. हॉटेल मॅनेजमेंटला बारावीचं गणित लागत नाही. इथली बरीच मुलं घरच्या हॉटेल-लॉजिंगच्या धंद्यामुळे तिकडे वळतात. राष्ट्रीय पातळीवरच्या प्रवेश परीक्षेत काही प्रश्न आकडेमोडीचे असतात, ते शाळेतल्या अंकगणितावर निघतात.

आणि सातारा जिल्ह्यात सैन्याचा विषय टाळून चालणार नाही. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. तिच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ३०० पैकी १५० गुण गणिताचे आहेत. पुढे एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) ९०० गुणांच्या लेखी परीक्षेत गणिताचा पेपर ३०० चा. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण तो पेपर आर्ट्सच्या मुलालाही द्यावाच लागतो. ‘आर्मीला कुठलीही बारावी चालते’ एवढंच ऐकून गणित सोडणारी मुलं आमच्या भागात खूप आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

राहिली ती दहावीला गणितात अडकलेली मुलं. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला बसता येतं आणि पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्येच होते. निकालानंतर हातात जेमतेम महिना-दीड महिना असतो. फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो आणि नियमित शुल्काची मुदत लवकर संपते, त्यामुळे पावसाने घाट बंद होण्याची वाट न बघता निकालाच्या आठवड्यातच शाळा गाठा. डिप्लोमाला दहावीच्या टक्केवारीवर प्रवेश मिळतो आणि बरोबरी झाली तर तिथे दहावीचं गणित पाहिलं जातं. कराड आणि मिरजेची शासकीय तंत्रनिकेतनं, आणि तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याची पद्धत, हे पुढच्या भागात.