संशयाचा एकच साक्षीदार

अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण आणि कष्टकरी वस्त्यांत वाढलेल्या कंट्री संगीतात जोडीदाराच्या प्रतारणेचा विषय इतक्या वेळा येतो की अशा गाण्यांचा तेथे एक स्वतंत्र प्रकारच मानला जातो. परंतु सिद्ध न झालेल्या, केवळ संशयावर उभ्या असलेल्या गाण्यांत मेल टिलिस यांच्या 'रूबी, डोन्ट टेक युवर लव्ह टू टाउन' इतके अस्वस्थ करणारे गाणे क्वचितच सापडेल.

युद्धात पाय लुळे पडलेला एक सैनिक घरात पडून आहे, संध्याकाळ होताच पत्नी नटूनथटून बाहेर जायला निघते आणि तो तिला न जाण्याविषयी विनवतो. तरुण पत्नीच्या गरजा आपल्याला कळतात असे तो म्हणतो, आपण फार दिवसांचे सोबती नाही याची आठवण देतो, आणि दार आपटून ती निघून गेल्यावर, हालचाल करता आली असती तर बंदूक उचलून तिला संपवले असते, या विचारापर्यंत पोहोचतो. रूबी मात्र अखेरपर्यंत एक शब्दही बोलत नाही. ती शहरात कोणाला भेटते हे त्याने पाहिलेले नाही, पाहणे त्याला शक्यही नाही. त्यामुळे करुणा आणि भीती ही दोन्ही श्रोत्याच्या मनात एकाच वेळी उभी राहतात, आणि हेच या रचनेचे मोठे यश आहे.

टिलिस यांना हे कथानक फ्लोरिडातील शेजारच्या एका दांपत्यावरून सुचले. त्यातील पती दुसऱ्या महायुद्धात जखमी झाला होता. गाण्यात मात्र युद्ध आशियातले आहे आणि त्याचे नाव घेतलेले नाही. म्हणूनच 1967 मध्ये जॉनी डॅरेल यांनी कंट्री श्रोत्यांत लोकप्रिय केलेले हे गाणे केनी रॉजर्स आणि 'द फर्स्ट एडिशन' या वाद्यवृंदाने 1969 मध्ये गायले, तेव्हा ते व्हिएतनामचेच वाटले आणि अमेरिकेच्या सर्वसाधारण लोकप्रियता-यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेले.

एखाद्या गाजलेल्या गाण्याला दुसऱ्या पात्राच्या तोंडून प्रत्युत्तर देणारे 'उत्तरगीत' रचण्याची प्रथा कंट्री संगीतात जुनी आहे. 1952 मध्ये किटी वेल्स यांनी अशाच एका गीतातून स्त्रियांवरच्या दोषारोपाला जाहीर उत्तर दिले होते. रूबीचे मौनही फार काळ टिकले नाही, कारण 1969 मध्येच जेराल्डिन स्टीव्हन्स यांनी त्याच चालीवर पत्नीची बाजू गायली. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकल्याखेरीज रूबीला दोषी ठरवू नये.