कडू औषध, गोड आख्यायिका

जिन आणि टॉनिक यांच्या मिश्रणाचा जन्म हिंदुस्थानात झाला, असे मद्यरसिक मोठ्या अभिमानाने सांगतात. हिवतापाने जर्जर झालेल्या गोऱ्या शिपायांस कोयनेल घेणे भाग होते. ते कडूजहर औषध घशाखाली उतरेना. म्हणून त्यांनी त्यात साखर, सोडा, लिंबू आणि जिन मिसळली व औषधाचे पेय झाले, अशी ही कथा आहे. कथा सुबक खरी. परंतु हिवताप ही जेथे अद्याप गतकाळाची गोष्ट झालेली नाही, त्या गडचिरोली-चंद्रपूरच्या अरण्यप्रदेशाकडे पाहून ती पारखून घेणे अगत्याचे आहे.

कथेचा पाया निराधार नाही. सिंकोनाच्या सालीतून कोयनेल, अर्थात क्विनीन, वेगळे करण्याचे श्रेय पेलेतिए व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांचे, साल १८२०. पुढे १८६० नंतर निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सरकारने सिंकोनाची लागवड केली. बंगालात तर १८९२ पासून कोयनेलाच्या पुड्या टपालकचेऱ्यांतून विकल्या जाऊ लागल्या. शिपायांस ते मद्यातून दिले जाई, हेही खरे.

पण टॉनिकचे पेटंट १८५८ साली लंडनच्या एरॅस्मस बाँडने घेतले, आणि ते शक्तिवर्धक पेय म्हणून. जिन-टॉनिकचा आजवर सापडलेला सर्वांत जुना छापील उल्लेख १८६८ सालच्या एका अँग्लो-इंडियन क्रीडामासिकात आहे. तेथे रुग्णालय नाही, तापाने फणफणलेला शिपाई नाही; आहे ती घोड्यांची शर्यत आणि तहानलेले साहेबलोक! तात्पर्य, हे पेय रुग्णशय्येपाशी नव्हे, करमणुकीच्या मैदानावर मान्यता पावले.

हिशेबही हेच सांगतो. आजच्या टॉनिकमध्ये लिटरमागे क्विनीन फार तर ८३ मिलिग्रॅम असावे, असा अमेरिकेतील नियम आहे. उलट, हिवतापाच्या प्रौढ रुग्णास दिवसाला सुमारे १८०० मिलिग्रॅम क्विनीन लागते, आणि तेही सात दिवस. म्हणजे रोज वीस लिटरांहून अधिक टॉनिक! पेल्याने ताप हटत नाही, हे सिद्ध करण्यास याहून निराळा पुरावा कशास हवा?

आता भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांकडे वळू. महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार गडचिरोली जिल्हा वाहतो. तेथील फॅल्सिपॅरम जातीचा हिवताप मेंदूपर्यंत पोहोचून प्राण घेतो. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात या रोगाचा जंतू पाहिला. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. आज बोटाच्या टोकावरील थेंबभर रक्ताने निदान होते आणि आर्टेमिसिनिनयुक्त औषधांच्या तीन दिवसांच्या उपचाराने फॅल्सिपॅरमचा बहुतेक रुग्ण बरा होतो. ज्ञान आहे, औषध आहे. अडते ते पर्लकोटेला पूर आला म्हणजे, रस्ता तुटला म्हणजे, आणि गावात चाचणीचा संच संपला म्हणजे.

मोहाच्या फुलांच्या या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरातील बंदी २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी असावी की नसावी, हा वाद निराळा. मात्र मद्याला औषधाचा मुलामा देणारी आख्यायिका कोणत्याही पक्षाने पुढे करू नये.

देश २०३० पर्यंत हिवतापमुक्त करण्याचा सरकारचा संकल्प आहे. तो सिद्धीस जावयाचा असेल, तर पावसाळा लागण्यापूर्वीच पाड्यापाड्यावर औषधांचा साठा, मच्छरदाण्या आणि रक्त तपासणारी आशा सेविका सज्ज हवी. दीडशे वर्षांपूर्वी साहेबाच्या पेल्यापर्यंत क्विनीन बिनचूक पोहोचले. आज माडिया मुलाच्या ओठांपर्यंत औषध वेळेवर पोहोचू नये, ही लाजिरवाणी गोष्ट कोणतीही गोड कथा झाकू शकणार नाही.