उत्तरपत्रिका स्क्रीनवर गेल्या, निकाल अडकला

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा आपल्या ताज्या भागाचा लेखी अवतार. थोडी काटछाट केलीय, बाकी जसं बोललो तसंच.

आजचा प्रश्न साधा आहे. विद्यापीठात नवं तंत्रज्ञान येत असताना "थांबा, अजून तयारी झालेली नाही" असं म्हणायचं कोणी?

उदाहरण आपल्या मुंबई विद्यापीठाचं, साल २०१७. त्या उन्हाळ्यातल्या परीक्षांसाठी 'ऑनस्क्रीन मार्किंग' आणलं गेलं. म्हणजे काय? पेपर नेहमीसारखा पेनानेच लिहायचा. मग उत्तरपत्रिकेवर बारकोड लागतो, प्रत्येक पान स्कॅन होतं, प्राध्यापक लॉगिन करून स्क्रीनवर मार्क देतात आणि बेरीज कॉम्प्युटर करतो.

कल्पना चांगलीच आहे. बेरजेच्या चुका टळतात, गठ्ठे इकडून तिकडे न्यावे लागत नाहीत, कोणाचा पेपर आहे ते तपासणाऱ्याला कळत नाही. मी सॉफ्टवेअरवाला, मला ती आजही पटते.

मग घोडं अडलं कुठे? सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका होत्या आणि कला, वाणिज्य, विज्ञान, विधी अशा सगळ्या शाखा एकाच वेळी यात आणल्या. अशा कामाची साखळी असते: स्कॅनिंग, बारकोड जुळवणं, प्राध्यापकांचं प्रशिक्षण, तपासणी, निकाल. साखळीतली सर्वांत संथ कडी जितकी हळू, तितकंच सगळं काम हळू. एक कडी अडली की मागे ढीग साचतो.

कायद्यानुसार परीक्षा संपल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. तो लागेना, म्हणून कुलपती, म्हणजे राज्यपाल विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत दिली. तपासणीसाठी कॉलेजांतली लेक्चर्स थांबवली गेली. तरी मुदत हुकली आणि काही निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. काही उत्तरपत्रिका तर सापडेनात.

या काळात टीवायचा विद्यार्थी काय करत होता? पुढच्या प्रवेशाची तारीख जवळ येतेय, हातात मार्कशीट नाही. परदेशी विद्यापीठाला काय कळवणार? मास्टर्सचा फॉर्म कसा भरणार?

२४ ऑक्टोबर २०१७ ला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं गेलं. विद्यापीठ १८५७ चं. कुलगुरूंना असं हटवण्याची ही पहिलीच वेळ. जबाबदारी निश्चित झाली, पण ज्याचा प्रवेश हुकला त्याला काय मिळालं?

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट. रात्री नवीन रिलीज करायचं होतं. सीनियरने एकच विचारलं, "बिघडलं तर जुन्यावर किती मिनिटांत परत येणार?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. रिलीज पुढे ढकललं. तेव्हा मला जाम राग आला होता. आता कळतं, त्या रात्री सर्वांत महत्त्वाचं काम त्यानेच केलं.

परीक्षेत तर मागे फिरायची सोयच नसते. हुकलेली तारीख परत येत नाही. धोका पत्करणारा एक आणि भोगणारा दुसरा, हा तंत्रज्ञानाचा नाही, नीतीचा प्रश्न आहे. माझ्या मते कुलगुरूची खरी कसोटी इथे लागते: नवं आणण्यात नाही, तयारी नसताना थांबण्यात.

आता एआयने पेपर तपासण्याची चर्चा सुरू आहे. तुमच्याकडे असं काही येत असेल, तर तीन प्रश्न नक्की विचारा.

१. आधी एखाद्या लहान विषयावर करून पाहिलं का?
२. बिघडलं तर जुनी पद्धत तयार आहे का?
३. माझे मार्क चुकले, तर माणूस परत तपासेल का आणि किती दिवसांत?

उत्तरं मिळाली तर बिनधास्त स्वागत करा. नाही मिळाली, तर "थांबा" म्हणणारे तुम्हीच व्हा.

तुमचा निकाल कधी असा अडकलाय? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूच!