भोक सरळ पडावं म्हणून

लाकडी पेन करणाऱ्यांच्या गप्पा बहुतेक लाकडावरच रंगतात. शिसव की खैर, जुन्या वाड्याच्या तुळईतला साग कुठं मिळाला, पॉलिश कोणतं चांगलं. मला मात्र वर्षानुवर्षं नाद आहे तो पेनाच्या पोटातल्या भोकाचा. सडपातळ पेनाच्या प्रत्येक भागाला दोनेक इंचांची पितळी नळी लागते आणि तिच्यासाठी 7 मिलिमीटरचं भोक. ते तिरकं गेलं, की लेथवर लाकूड कातताना एका बाजूनं पितळ उघडं पडतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

हे भोक कशानं पाडावं यावर कारागिरांत दोन तट आहेत. ब्रॅड पॉइंटवाले म्हणतात, मधोमध अणकुचीदार टोक आणि कडेला दोन नख्या असलेलं हे बिट खास लाकडासाठी घडवलंय, तेव्हा तेच वापरावं. दुसरे साध्या ट्विस्ट ड्रिलचे, म्हणजे लोखंडकामाच्या बिटाचे. या भांडणाचं मूळ शोधत मी मागं मागं गेलो आणि न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्जच्या एका फर्निचरवाल्यापाशी येऊन थांबलो. त्याचं नाव रॅन्सम कुक.

कुकचं आयुष्य विलक्षण आहे. व्हरमाँटचा लोहार थॉमस डेव्हनपोर्ट याला 1837 मध्ये विजेच्या मोटारीचं पेटंट मिळालं, तेव्हा त्याचा भागीदार कुकच होता. पुढं तुरुंगात तयार होणाऱ्या स्वस्त मालानं आमची रोजी बुडते, अशी स्वतंत्र कारागिरांची ओरड सुरू झाली. कैद्यांना लोखंडाच्या खाणीत कामाला लावावं, असा तोडगा न्यूयॉर्क राज्यानं काढला. त्यासाठी 1845 मध्ये डॅनेमोराला क्लिंटन तुरुंग उभा राहिला. त्याचा पहिला अधीक्षक कुक. एका सुतारकाम जाणणाऱ्याच्या हाती तुरुंग द्यावासा वाटला, याचं मला फार अप्रूप आहे.

आणि 1851 मध्ये त्यानं लाकूड पोखरण्याच्या हत्याराचं पेटंट घेतलं. त्याचा गुरू होता लाकूड पोखरणारा किडा! त्याची अळी लाकडाचे तंतू आडवे आहेत की उभे हे बघत नाही, कुठूनही शिरते, आणि तिच्या बोगद्याची भिंत गुळगुळीत असते. कुकनं तिचा जबडा निरखला. त्या काळच्या बिटांना तळाशी सपाट पाती असत आणि परिघाला उभ्या नख्या. कुकनं नख्या काढून टाकल्या आणि पातं मध्यापासून कडेकडे वर वळवलं. आता तेच पातं तळही कापी आणि भिंतही. (किड्यांकडून शिकणारा तो एकटा नव्हे. मार्क ब्रुनेलनं जहाज पोखरणाऱ्या किड्यावरून बोगद्याची ढाल बेतली, आणि ओरेगनच्या जोसेफ कॉक्सनं 1946 मध्ये अशाच एका अळीवरून चेनसॉची साखळी.)

सुतारांच्या पेटीत रुळलं ते मात्र रसेल जेनिंग्जचं 1855 चं नख्यांचं बिट. 1863 मध्ये स्टीफन मोर्सनं पोलादी कांबीवर दोन मळसूत्री खाचा पाडून ट्विस्ट ड्रिलचं पेटंट घेतलं. त्यापुढचा इतिहास कारखान्यांचा.

पेनवाल्यानं कुककडून घ्यायचं ते हे. नख्यांचा उपयोग फळीत आडवं भोक पाडताना. तिथं तंतू आडवे असतात, ते परिघावर आधी तोडले नाहीत तर उचकटतात. पेनाचं भोक जातं तंतूंच्या दिशेनं. इथं तंतू बिटासमोर उभे असतात, नखी त्यांना तोडत नाही, नुसती त्यांच्यामधून फिरते. ब्रॅड पॉइंटचं मधलं टोक सुरुवात नेमकी करून देतं, हे कबूल. पण पुढं वाट सरळ राहते ती दोन्ही पात्यांची धार आणि लांबी अगदी सारखी असेल तरच. एक पातं किंचित लांब असलं, की भोक मोठं पडतं आणि नळी सैल बसते. म्हणून माझं मत स्पष्टपणे साध्या, धार लावता येणाऱ्या हायस्पीड स्टीलच्या बिटाकडे झुकतं. बोहरी आळीच्या हत्यारबाजारात सोनेरी मुलाम्याचे वीस-पंचवीस बिटांचे संच स्वस्तात मिळतात. धार लावली की तो मुलामा पात्यावरून जातो. त्या पैशांत 7 मिलिमीटरचं एकच उत्तम बिट घ्यावं.

धार आहे की नाही, हे भुसाच सांगतो. धारदार बिट शिसवीतून कुरळे, जांभळट कीस काढतं. बोथट झालं की पीठ पडू लागतं, मग करपल्याचा वास येतो, आणि शिसव-आबनुसासारखं घट्ट लाकूड तापून आतून तडकतं. ती चीर पुढं पॉलिश करताना दिसते. म्हणून थोडं आत जावं, बिट पूर्ण बाहेर काढावं, खाचांतला भुसा झटकावा, मग पुन्हा आत. ठोकळा लेथच्या चकात धरून बिट समोरच्या टोकाला टेलस्टॉकमध्ये बसवलं तर अक्ष आपोआप जुळतो. आणि शेवटचे काही मिलिमीटर पोखरूच नयेत. ठोकळा मुद्दाम लांब ठेवावा, भोक आतच थांबवावं आणि तेवढं टोक करवतीनं उडवावं, म्हणजे बिट पलीकडे निघताना लाकडाचा कपचा उडायचा प्रश्नच येत नाही.