उधारीची तीन वर्षे

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील लहान कारखानदार मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवतो किंवा त्यांचे जॉब वर्क करतो, तेव्हा बिल थकले तरी पुढची ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून तो बहुधा गप्प राहतो. परंतु त्या काळातही दाव्याची मुदत सरतच असते. ही मुदत महाराष्ट्राने ठरवलेली नाही. ती 1963 च्या केंद्रीय मुदत कायद्याने ठरते, तर दाव्यावरील न्यायालयीन शुल्क राज्याच्या कायद्यानुसार आकारले जाते.

विकलेल्या मालाच्या किमतीसाठी तीन वर्षांची मुदत असून उधारीचा कालावधी ठरला असल्यास तो संपल्यापासून, नसल्यास माल पोचता केल्यापासून ती मोजली जाते. जॉब वर्कच्या मोबदल्यासाठी, पैसे देण्याची वेळ ठरली नसल्यास, काम पूर्ण झाल्यापासून. वकिलाच्या नोटिशीने ती थांबत नाही आणि ‘पुढच्या महिन्यात देतो’ या तोंडी शब्दाने तर मुळीच नाही. मात्र मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर कलम 18 नुसार त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. म्हणूनच वर्षअखेरीस खाते जुळवताना शिल्लक रकमेच्या पत्रावर घेतलेली सही, जी अनेकांना केवळ हिशेबनिसाची औपचारिकता वाटते, ती लहान पुरवठादाराचे सर्वांत भक्कम संरक्षण आहे. मुदत उलटल्यास देणे नाहीसे होत नाही, पण ते दाव्याने वसूल करता येत नाही, आणि प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी न्यायालयाला असा दावा फेटाळावाच लागतो. अपिलात विलंब माफ होऊ शकतो, तशी सवलत मूळ दाव्याला नाही. ज्याची सौदाशक्तीच कमी, त्याच्यावर हा नियम अधिक कठोरपणे कोसळतो.

तीन लाख रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या व्यापारी वादांना 2015 चा वाणिज्यिक न्यायालय कायदा लागू होतो. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर दाव्यापूर्वी विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थीचा प्रयत्न करणे त्यात बंधनकारक आहे, आणि ही पायरी गाळून 20 ऑगस्ट 2022 नंतर दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार टिकत नाही. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो. दावा दाखल झाल्यावर कालमर्यादा प्रतिवादीलाही बांधते: समन्स बजावल्यापासून 120 दिवसांत त्याने लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला उत्तर, दिले नाही, तर ते देण्याचा त्याचा हक्क संपतो.